तार पोचण्याआधीचे लिनक्स

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. परभणी जिल्ह्यातल्या माणसाला सुरुवातीला ते वापरायचे तर एसटीडी लावून शहरातला मोडेम गाठावा लागणार होता. पुढे स्थानिक जोडणी मिळाली, तरी हिशेब जुळत नव्हता. ५६ किलोबिटची फोनलाइन एकदाही न तुटता पूर्ण वेगाने चालली, तरी लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीची ६५० मेगाबाइटची एक सीडी उतरवून घ्यायला सुमारे २६ तास लागतात. आणि खाली वाकलेल्या तारांवरची लाइन इतकी गुणाची क्वचितच असे.

आज उबुंटू या लिनक्सच्या काळ्या पडद्यावर ‘ॲप्ट इन्स्टॉल’ आणि पुढे नाव टाइप केले की प्रोग्राम मिनिटभरात येतो, त्याला लागणारी इतर पॅकेजेसही न मागता सोबत येतात. त्यामुळे ही यंत्रणा वेगवान इंटरनेटच्या जोरावरच उभी राहिली, असा समज होणे साहजिक आहे. पण ती घडली तेव्हा जगातली कितीतरी यंत्रे परभणीतल्या यंत्रांसारखीच जाळ्याबाहेर होती, आणि ती घडवणाऱ्यांना ते ठाऊक होते.

उबुंटूचा पाया असलेला डेबियन हा लिनक्स प्रकल्प इयान मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केला. पॅकेज बसवण्या-काढण्याचे त्याचे साधन म्हणजे डीपीकेजी; इयान जॅक्सन यांनी १९९४ मध्ये त्याचा मुख्य भाग सी भाषेत नव्याने लिहिला. १९९६ च्या डेबियन १.१ मध्ये ४७४ पॅकेजेस होती. डीपीकेजी हाती दिलेली फाइल बसवी. तिला आणखी काय लागते ते सांगे, पण आणून देत नसे. रेड हॅट या लिनक्स कंपनीने १९९५ मध्ये आणलेले आरपीएमही तसेच. एक पॅकेज बसवायला जावे तर ते दुसरे मागे, दुसरे तिसरे मागे. शहरात निदान शोधायला इंटरनेट होते. जिल्ह्याच्या गावी मात्र हाताशी असलेल्या सीडीवर ते तिसरे पॅकेज नसेल, तर काम तिथेच थांबे.

ही सीडी यायची कुठून? नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सच्या सीडी द्यायला सुरुवात केली. या उपक्रमामागे अतुल चिटणीस होते. जन्म बर्लिनचा, पण शिक्षण बेळगावात झालेले. पुढे बंगळुरूत राहून त्यांनी ‘फॉस डॉट इन’ ही परिषद उभी केली आणि २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. भारतात मुक्त सॉफ्टवेअर छोट्या गावांपर्यंत नेण्याचे श्रेय द्यायचे तर त्यांचे नाव फार वर घ्यावे लागते. मासिक जिथवर पोचे, तिथवर लिनक्स पोचे. पुढे उबुंटूच्या सीडीही मागणीनुसार टपालाने फुकट येऊ लागल्या. परभणीचा पिन कोड लिहिला तरी पाकीट येणारच. ही सोय २०११ मध्ये बंद झाली.

दरम्यान मार्च १९९९ च्या डेबियन २.१ सोबत ॲप्ट आले. पॅकेजला लागणारे सगळे स्वतः शोधून, योग्य क्रमाने बसवणारे हे साधन. त्यातच ‘ॲप्ट-सीडीरॉम’ नावाची आज्ञा होती: सीडी घातली की तिच्यावरच्या मालाची यादी यंत्र टिपून ठेवी, आणि पुढे गरज पडली की नेमकी कोणती सीडी घाला ते नावानिशी सांगे. २००२ च्या डेबियन ३.० चा संच सात सीडींचा होता, २००५ च्या ३.१ चा चौदा सीडींचा, पंधरा हजारांहून अधिक पॅकेजेसचा. जाळ्याविना एवढे भांडार टेबलावर असणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

याच वर्षांत मराठवाडा भारनियमनाने हैराण होता. वीज गेली आणि बॅकअप नसला की पॅकेज अर्धे बसलेले राही. डीपीकेजी हे काम दोन टप्प्यांत करते: आधी फाइली उलगडून जागच्या जागी ठेवायच्या, मग त्यांची जुळणी करायची. कोणते पॅकेज कोणत्या टप्प्यावर आहे याची नोंद साध्या मजकुराच्या एका फाइलीत असते. म्हणून वीज परतल्यावर यंत्र ‘काम मध्येच तुटले’ असे सांगते आणि ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही आज्ञा चालवायला लावते. उरलेली जुळणी तिथून पुढे होते. बहुतेक वेळा सगळे पुन्हा करावे लागत नाही. पॅकेज काढतानाही हाच काटेकोरपणा दिसतो. ‘रिमूव्ह’ने प्रोग्राम जातो, पण त्याची ठरवलेली मांडणी जागेवर राहते, तीही नको असेल तर ‘पर्ज’. जिथे एक संगणक अनेकांच्या हातून जातो, तिथे हा भेद फार उपयोगी पडतो.

खरी अडचण अद्ययावत करण्याची. सीडी छापली त्या दिवसापासून जुनी होऊ लागते, सुरक्षेच्या दुरुस्त्या मागाहून येत राहतात. यावर ‘ॲप्ट-ऑफलाइन’ हे साधन एका भारतीयाने, रितेश राज सराफ यांनी केले. जाळ्याबाहेरच्या यंत्रावर आपल्याला काय हवे याची एक छोटी फाइल तयार करायची, ती पेनड्राइव्हवर घेऊन इंटरनेट असलेल्या ठिकाणी जायचे, तिथे माल उतरवायचा आणि परत आणून बसवायचा. परभणी जिल्ह्यातल्याच पालम किंवा सोनपेठच्या यंत्रासाठी माल परभणीत उतरवून एसटीने नेता येतो. वाटेत पेनड्राइव्ह कुणाच्या हाती पडला तर? २००७ च्या डेबियन ४.० पासून ॲप्ट भांडाराच्या यादीवरची डिजिटल सही तपासते. त्या यादीत प्रत्येक पॅकेजचा ठसा असतो आणि तो जुळला नाही तर यंत्र माल नाकारते. विश्वास सहीवर ठेवायचा, वाहकावर नाही. दूरच्या गावासाठी याहून मोलाची रचना या साऱ्या इतिहासात दुसरी नाही.

शिकण्याची सोयही अशीच तुटक जाळे गृहीत धरून झाली. आयआयटी मुंबईत कन्नन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखालील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने केंद्र सरकारच्या निधीतून लिनक्सचे छोटे धडे केले, त्यांचा आवाज मराठीतही दिला. पॅकेज बसवण्याच्या सिनॅप्टिक या साधनावरही त्यात धडा आहे. धडे एकदा उतरवून घेतले की महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत इंटरनेटशिवाय चालतात. सी-डॅक या सरकारी संस्थेनेही २००७ मध्ये डेबियनवर आधारलेले ‘बॉस’ हे लिनक्स आणले, त्यात भारतीय भाषांची सोय होती.

२०१६ नंतर स्वस्त मोबाइल डेटा आला आणि सीडींचे संच कपाटात गेले. मात्र वर्षानुवर्षे न सुधारलेले जुने यंत्र अशा नव्या जोडणीला लावले, तर ॲप्ट ‘सापडले नाही’ एवढेच म्हणते. मुदत संपलेल्या आवृत्त्या डेबियन नेहमीच्या भांडारातून हलवून वेगळ्या संग्रहात ठेवते. स्रोतांच्या यादीत त्या संग्रहाचा पत्ता लिहिला की चौदा सीडींवरची तीच पॅकेजेस आजही उतरवता येतात. सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मात्र त्यांना मिळत नाहीत, त्यासाठी एकेक आवृत्ती ओलांडत पुढे यावे लागते.