न उभारलेले स्मारक

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा रस्ता नळदुर्गला बोरी नदी ओलांडतो. किल्ल्यातला आदिलशाही काळचा पाणीमहाल आणि त्यावरून कोसळणारे धबधबे पाहायला पावसाळ्यात गर्दी होते. तेथून आठ किलोमीटरवर जळकोट. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या फौजा याच रस्त्याने निजामाच्या राज्यात शिरल्या. नळदुर्गचा पूल हाती आला, सकाळी नऊच्या सुमारास चिलखती तुकडी जळकोटात पोहोचली आणि दुपारी तीन-सव्वातीनला फौज उमरग्यात होती. पाच दिवसांत संस्थान संपले. सरकारदरबारी या घटनेला 'पोलीस कारवाई' म्हणतात, मराठवाड्याच्या इतिहासात ती मुक्तिसंग्रामाची सांगता आहे, आणि आमच्या घरांत तिचे नाव नुसतेच 'ॲक्शन'. "ॲक्शनच्या साली" एवढे शब्द कोणी उच्चारले की घरातली म्हातारी माणसे विषय बदलत.

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होते. आम्ही लहानपणापासून त्या रांगेत उभे राहिलो आहोत. तिरंग्याला सलामी देताना ऊर भरून येतो, त्यात खोटे काही नाही. पण भाषण सुरू होते, 'रझाकार' हा शब्द येतो, आणि रांगेतल्या दोन-चार माना नकळत आमच्याकडे वळतात. त्या क्षणी आपण स्वातंत्र्याचे वारस आहोत की आरोपी, हेच कळेनासे होते. हा अनुभव मराठवाड्यातल्या बहुतेक मुसलमानांनी घेतला आहे. त्यावर लिहिले मात्र फार थोड्यांनी.

हे सारे पुन्हा वर आले ते एका परक्या शहरात. काही वर्षांपूर्वी मुलाकडे जर्मनीला जाणे झाले, तेव्हा बर्लिनमध्ये ज्यू हत्याकांडाचे स्मारक पाहिले. २००५ मध्ये खुले झालेले हे स्मारक शहराच्या अगदी मध्यभागी, ब्रँडनबुर्ग दरवाजाजवळ आहे. उंचसखल जमिनीवर राखाडी रंगाचे २,७११ काँक्रीटचे ठोकळे उभे आहेत. एकावरही नाव नाही. बाहेरचे ठोकळे गुडघ्याएवढे, आत जावे तसे डोक्याच्या वर जातात, आणि बरोबरची माणसे दिसेनाशी होतात. आम्हाला पहिल्यांदा कबरस्तानच आठवले. आपल्याकडच्या जुन्या कबरस्तानातही कित्येक दगडांवर नाव नसते. हात आपोआप फातेह्यासाठी उचलले गेले आणि मग आजूबाजूला कोणी पाहते आहे का, म्हणून खालीही आले.

स्मारकाच्या खाली एक दालन आहे. तेथे मारल्या गेलेल्यांची नावे आणि प्रत्येकाची दोन-चार वाक्यांची हकिगत एकेक करून वाचली जाते. साठ लाखांची नावे अशी वाचायची तर सहा वर्षांहून अधिक काळ लागेल. आम्ही अंधारात बसून ऐकत होतो. भाषा समजत नव्हती, नावे तेवढी समजत होती. इब्राहिम, याकूब, दाऊद, मरियम या आपल्याच नावांची त्यांच्या बोलीतली रूपे कानावर पडत होती.

त्याच शहरात फुटपाथवर चालताना पायाखाली हाताच्या पंजाएवढ्या पितळी पाट्या लागतात. गुंटर डेमनिग या कलावंताने १९९० च्या दशकात हे काम सुरू केले. जेथे तो माणूस राहत होता त्या दारासमोर ही पाटी बसवायची, त्यावर नाव, जन्मसाल, कधी नेले आणि कोठे मारले एवढेच लिहायचे. २०२३ पर्यंत युरोपभर अशा एक लाख पाट्या बसवून झाल्या. ती वाचायला वाकावे लागते. आम्ही वाकलो, आणि आजीची आठवण झाली. शबे-बरातला आमची आजी फातेह्याच्या वेळी मेलेल्यांची नावे घेई. त्यांतली दोन नावे अशी होती की ज्यांची कबर कोठेच नव्हती. आम्ही विचारले की ती म्हणे, "ॲक्शन में गए." पुढे काही नाही. त्या दोन नावांना पाटी नव्हती, होती फक्त आजीची जीभ. आता तीही नाही.

येथे आमच्यातले काही वाचक विचारतील, पॅलेस्टाईनमध्ये जे चालले आहे ते पाहता ज्यूंच्या दुःखाचे एवढे कौतुक कशाला? प्रश्न खरा आहे. गाझातल्या लेकरांचे रक्त कोणत्याही स्मारकाने धुतले जात नाही. पण बर्लिन, वॉर्सा, प्राग येथून ज्यांना गाड्यांत कोंबून नेले त्या बायकामुलांनी कोणाची जमीन घेतली होती? जुलूम झालेल्याच्या वारसाने पुढे काय केले, यावरून जुलूम झालेल्याचा हिशेब मांडता येत नाही. तोच न्याय आपण आपल्यासाठीही मागत आलो आहोत. रझाकारांनी जे केले त्याचा हिशेब जळकोटच्या किंवा लातूरच्या पिंजाऱ्याकडून वसूल करू नये, असे आपण म्हणतो ना?

ऑशविट्झच्या छळछावणीत एक शब्द होता. उपासमारीने ज्याची सारी शक्ती गेली, ज्याला मार लागलेलाही कळत नाही, जो आता एक-दोन दिवसांचा सोबती, अशा कैद्याला इतर कैदी 'मुझेलमान', म्हणजे मुसलमान म्हणत. प्रिमो लेव्ही या त्या छावणीतून वाचलेल्या इटालियन लेखकाने याची नोंद केली आहे. हा शब्द तेथे कसा आला याबद्दल वेगवेगळी मते आहेत. पण मरणाच्या दारातल्या ज्यूला आमचे नाव मिळाले होते, हे वाचल्यावर त्या जागेकडे परकी म्हणून पाहणे आम्हाला जमले नाही. मुसलमान बहुसंख्य असलेल्या अल्बेनियाने जर्मन ताब्यातही दिलेला शब्द म्हणून ज्यूंना घरात लपवले. २०२० च्या जानेवारीत मुस्लिम वर्ल्ड लीगचे सरचिटणीस मोहम्मद अल-ईसा मुसलमानांचे शिष्टमंडळ घेऊन ऑशविट्झला गेले आणि त्यांनी तेथे नमाज अदा केली. दुसऱ्याच्या मातीवर केलेली दुआ आपले दुःख कमी करत नाही आणि लहानही करत नाही.

आता घराकडे येऊ. एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. १९४८ साली मराठवाड्यात जे घडले ते ज्यूंच्या संहारासारखे नव्हते. तेथे एका राज्यसत्तेने एक संपूर्ण जमात नष्ट करण्याची योजना आखून ती कारखान्यासारखी राबवली. येथे एक सत्ता कोसळली, दुसरी अजून बसायची होती, आणि मधल्या पोकळीत सूड, लूट आणि द्वेष मोकाट सुटले. दुःख मोठे करून सांगितल्याने ते खरे ठरत नाही. ते आहे तेवढेच पुरेसे मोठे आहे.

सुरुवात रझाकारांपासून केली पाहिजे. इत्तेहादुल मुस्लिमीनच्या या स्वयंसेवक दलाचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील. लातूर तेव्हा आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होते. ९ मे १९४८ रोजी बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावात रझाकारांनी दोनशेच्या आसपास माणसे मारली. २२ ऑगस्टला हैदराबादेत 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. भारतात विलीन व्हा, असे लिहिणारा तो मुसलमान होता. रझवी तुरुंगातून सुटून १९५७ मध्ये पाकिस्तानात निघून गेला. किंमत मोजायला मागे राहिले ते ज्यांना कोठे जायचे नव्हते असे लोक.

त्यांचे काय झाले ते पाहण्यासाठी पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते सोळापैकी नऊ जिल्हे फिरले. त्यांचा अंदाज असा की सावधपणे मोजले तरी संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मेली. सर्वांत जास्त झळ पोहोचलेले चार जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चारांतच किमान १८ हजार. एकट्या लातुरात वीसहून अधिक दिवस कत्तल चालली. दहा हजारांच्या मुसलमान वस्तीत समितीला जेमतेम तीन हजार माणसे सापडली. हजाराहून अधिक मारली गेली होती, बाकीची पळाली होती. काही ठिकाणी सैनिकांनीही पुरुषांना बाहेर काढून मारल्याचे समितीने लिहिले, आणि अनेक ठिकाणी फौजेने मुसलमानांना वाचवल्याचेही लिहिले. आम्हाला त्या अहवालातली आणखी एक नोंद मोलाची वाटते. काही गावांत हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना आश्रय दिला आणि त्यापायी आपला जीवही गमावला. पळवलेल्या मुसलमान बायकांना परत आणण्यात अनेक हिंदूंनी मदत केली.

सरदार पटेलांना हा अहवाल मान्य झाला नाही, आणि सरकारने तो कधी प्रसिद्ध केला नाही. मुंबईचे कायदेपंडित ए. जी. नूरानी यांनी तो आपल्या लेखनातून लोकांपुढे आणला. २०१३ च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मृती संग्रहालयात तो पाहता येऊ लागला. १९४८ साली उस्मानाबादचे कलेक्टर असलेले मोहम्मद हैदर यांच्या आठवणीही २०१२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. म्हणजे कागद आता बंद नाहीत. बंद आहोत ते आम्ही.

आमच्या गप्प राहण्याला भीती हे एक कारण होते, पण ते एकटे नव्हते. रझाकारांची शरम होती. बोललो तर त्यांची बाजू घेतल्यासारखे होईल, ही धास्ती होती. ज्या शेजाऱ्याने लुटले त्याच्याच शेताच्या बांधावर उद्या काम करायचे होते. आणि ज्या शेजाऱ्याने वाचवले त्याला उघडे पाडायचे नव्हते. अशा गुंत्यात तोंड उघडण्यापेक्षा फातेह्यात नाव घेणे सोपे होते.

बर्लिनहून आल्यावर आम्ही प्रथम गोरट्याला गेलो. तेथे मार्च २०२३ मध्ये हुतात्मा स्मारकाचे उद्घाटन झाले आहे, उंच खांबावर तिरंगा आहे. एका गृहस्थाने गाव विचारले. आम्ही जळकोट सांगितले. मग त्यांनी नाव विचारले. नाव सांगताना आमचा आवाज खाली गेला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "उन्हातून आलात, पाणी घ्या." पाणी पिऊन आम्ही मेलेल्यांसाठी मनातल्या मनात दुआ केली. या वेळी हात खाली आणले नाहीत. बर्लिनमध्ये जे अर्धे राहिले होते ते येथे पुरे झाले असे वाटले. रझाकारांनी मारलेल्यांसाठी आपण रडू शकलो तरच आपल्या मेलेल्यांसाठी इतरांनी थांबावे, असे म्हणण्याचा हक्क आपल्याला येतो. तो हक्क मागण्यासाठी म्हणून जाऊ नये, माणूस म्हणून जावे. हक्क मागून येईल.

परतताना एस.टी. जळकोटला थांबली. जेथे फौजेची वाहने थांबली असतील तेथे आता चहाची हॉटेले आणि पंक्चरची दुकाने आहेत. आपल्याला काँक्रीटचे ठोकळे नकोत, सरकारी निधीही नको. १९४८ साली जी दहा वर्षांची होती ती माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. गाव, नाव, बापाचे नाव, काय काम करत होता, एवढेच लिहावे. कोणी मारले ते विचारू नये, कोणी वाचवले ते मात्र जरूर विचारावे आणि ते नावही त्याच पानावर लिहावे. आमच्या वहीत आजीची दोन नावे लिहून झाली आहेत. तिसरे नाव लिहायचे आहे ते त्या घराचे, ज्याच्या कणगीमागे आजी स्वतः तीन रात्री लपली होती. ते घर आमचे नव्हते, आणि त्या घरात आजही दिवाळीला आम्हाला बोलावणे येते.