उंदीरमारी: माळावर आलेली गुलाबी पाहुणी



फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळून गुलाबी फुलांनी डवरलेलं एक झाड रस्त्याकडेला दिसतं. लोक त्याला 'आपला चेरी ब्लॉसम' म्हणत फोटो टाकतात. हे गिरिपुष्प, म्हणजेच ग्लिरिसिडिया. मूळ गाव मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिकडे त्याला 'कोकोची आई' म्हणतात, कारण कोकोच्या रोपांना ते सावली देतं. ग्लिरिसिडियाचा लॅटिन अर्थ 'उंदीर मारणारी'. म्हणून आपल्याकडे उंदीरमारी.

आता येऊ आमच्या सोलापुरात. 1972चा दुष्काळ ताजा होता. उघडे माळ हिरवे करायची घाई सगळ्यांनाच होती, आणि त्यात चूक तरी काय? उंदीरमारी कमी पाण्यावर जगते, फांदी खोचली तरी रुजते, गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. सरकारी लागवडीला आणखी काय पाहिजे?

पण कागदोपत्री 'पडीक' असलेला माळ रिकामा नव्हता. बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला याच गवतात माळढोक राहायचा. 1979 साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं, आणि त्याच परिसरात ग्लिरिसिडिया, सुबाभूळ अशी झाडंही लागली. माळढोक जमिनीवर अंडं घालतो, बहुतेक वेळा एकच. शत्रू लांबूनच दिसावा, म्हणून त्याला मोकळं रान लागतं. दाट झाडीत नजर अडते, वर अंडी पळवणाऱ्या कावळ्यांना बसायला फांद्या मिळतात. सावलीत गवतही विरळ होतं. म्हणजे माळढोकाबरोबर काळवीट, लांडगा आणि धनगरांची मेंढरं, सगळ्यांचंच नुकसान.

माळढोक कमी झाला तो एकट्या या झाडामुळे नाही. शिकार, विजेच्या तारा, पाण्याबरोबर पसरलेली शेती, हीही कारणं आहेतच. आज देशभरात तो जेमतेम दीडशेच्या आसपास उरलाय. पण झाड काढणंही सोपं नाही. तोडलं की बुंध्यातून पुन्हा धुमारे. वाळलेली शेंग तडकली की बिया लांब उडतात.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे रिक्वायरमेंटच चुकली, तर कोड कितीही चांगला लिहा, उपयोग नसतो. इथं रिक्वायरमेंट होती 'हिरवं करा'. माळाला गवत हवं होतं.

तेव्हा पुढच्या वृक्षारोपणाला जाल, तेव्हा खड्डा खणण्याआधी एवढंच विचारा: इथं आधी काय उगवत होतं?