रूपहीनांचे नामकरण

ज्यास स्थिर रूपच नाही, त्याचे नामकरण करावे कसे? १७५८ साली लिनिअसने अमीबाच्या नावात 'केऑस', म्हणजे अव्यवस्था, हाच शब्द घातला. १८५६ साली शल्यवैद्य हेन्री कार्टर यांनी मुंबई बेटावरील गोड्या पाण्यातले सूक्ष्मजीव वर्णिले, ते सूक्ष्मदर्शकाला लावलेल्या डोळ्यांच्या भरवशावर. १९६९ साली अमेरिकेतील निळ्या खेकड्यांचा जीव घेणाऱ्या अमीबास नाव मिळाले; त्याची खूण केंद्रकाशेजारचा जादा पिंड. पुढे आमच्या या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. विद्यानंद नंजुंडय्या व सहकाऱ्यांनी मुदुमलाईच्या अरण्यातील सामाजिक अमीबा तपासले. इवल्या देठावर उभ्या राहिलेल्या एकाच समूहात भिन्न वंशांचे जीव असू शकतात, हे त्यांच्या २०१० सालच्या निबंधात दिसले. डोळ्यांनी जेथे एक म्हटले, तेथे जनुकांनी अनेक मोजले. नाव देण्यापूर्वी नेमके कोणास मोजावे, हाच प्रश्न आम्हांस मूळचा वाटतो.