‘मटेरियल नाही’ची कुळकथा

आंबिवली स्टेशनवरून मोहोन्याकडे गेलं की एनआरसी या बंद पडलेल्या कंपनीची जागा लागते. २००९ मध्ये टाळं लागेपर्यंत इथे रेयॉनचा धागा निघायचा. आता याच पट्ट्यातली कित्येक मुलं कसारा लाइनची लोकल पकडून ठाण्याला, तिथून ऐरोलीला जातात आणि कंपन्यांचा माल-हिशेब सांभाळणाऱ्या सॅप या सॉफ्टवेअरच्या स्क्रीनसमोर बसतात. धागा गेला, सॉफ्टवेअर आलं, असं लोक म्हणतात. पण सॅप हे धाग्याचंच अपत्य! १९७२ मध्ये आयबीएमच्या पाच माजी कर्मचाऱ्यांनी सॅप ही कंपनी काढली, तेव्हा त्यांचं पहिलं गिऱ्हाईक होतं आयसीआय या रसायन कंपनीचा जर्मनीतल्या ओस्ट्रिंगेनचा नायलॉन कारखाना. स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता. गिऱ्हाइकाच्याच मशीनवर, बरेचदा रात्री, काम चाले. पुढे सॅपच्या आर/२, आर/३ या आवृत्त्या आल्या.

हा धागा सापडल्यापासून मी सॅपमधल्या एका जुनाट एररकडे वेगळ्या नजरेनं पाहतो: ‘हे मटेरियल या प्लँटमध्ये नाही.’ गंमत म्हणजे माल गोदामात समोर रचलेला असतो.

अशा कुठल्याही ‘सापडत नाही’चं खापर प्रोग्रामर मंडळी टोनी होअर यांच्यावर फोडतात. कोलंबोत जन्मलेल्या या इंग्रज शास्त्रज्ञानं १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी ‘नल’, म्हणजे कशाकडेच न नेणारा रिकामा संदर्भ, आणला आणि २००९ मध्ये त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. ‘नल’चा वंश खराच. सॅपच्या एबॅप भाषेतला प्रोग्राम रिकाम्या संदर्भावर आपटून कोसळतो, डम्प देतो तेव्हा तो त्याच घराण्यातला. पण स्टोअरकीपरला छळणारा एरर त्या घराण्यातला नाही, असं माझं ठाम मत आहे. तिथे प्रोग्राम मुळीच कोसळत नाही. तो शांतपणे सांगतो की तुमच्या प्लँटचं पान कोरं आहे.

कारण सॅपमध्ये एक वस्तू म्हणजे एक नोंद नव्हे. वस्तूची सामान्य माहिती ‘मारा’ या टेबलात, प्लँटची ‘मार्क’मध्ये, गोदामाची ‘मार्ड’मध्ये, किंमत ‘एमब्यू’मध्ये. ‘मारा’त असलेली वस्तू ‘मार्क’मध्ये नसू शकते. प्लँटच्या रकान्याचं नाव आजही ‘वेर्क्स’ आहे. जर्मन ‘वेर्क’ म्हणजे कारखाना. कंपनी कोडचं ‘बुक्रस’ हेही जर्मन हिशेबनीसाच्या तोंडचं नाव. ही रचना संगणकशास्त्राच्या वर्गातून आलेली वाटत नाही. स्टोअरचं बिन कार्ड वेगळं, अकाउंट्सचं लेजर वेगळं, खरेदी खात्याची फाइल तिसरी, अशी ही कारखान्याची जुनी वहिवाट आहे. ओस्ट्रिंगेनच्या कारखान्यातही हेच तीन विभाग एकमेकांवर अविश्वास ठेवून आपापली वही सांभाळत असणार, आणि त्या पाच जणांनी तो अविश्वास तसाच टेबलांत उतरवला असणार. नंतर जगभरचे कारखाने त्याच साच्यात बसवले गेले.

या एररचा एक चुलत भाऊ मात्र मान्य करायला हवा. डेव्हलपमेंट सिस्टिममधले बदल प्रॉडक्शन सिस्टिमला नेणाऱ्या ट्रान्सपोर्टमध्ये एखादं ऑब्जेक्ट घालायचं राहिलं, तरी सॅप ‘नाही’च म्हणतं, पण तो दोष वाहतुकीचा, वहीचा नव्हे.

तेव्हा पुढच्या वेळी ‘मटेरियल नाही’ दिसलं तर लगेच डेव्हलपरला फोन लावू नका. वस्तूची नोंद दाखवणारा एमएम०३ हा स्क्रीन उघडा, आपल्या प्लँटचा कोड टाका, नोंदीचे कोणते व्ह्यू, म्हणजे कोणत्या विभागाची पानं, भरलेत ते पाहा. प्लँटचा नसेल तर मास्टर डेटावाल्यांना ती वस्तू आपल्या प्लँटला एक्स्टेंड करायला सांगा. अकाउंटिंगचा नसेल, तर चहा पिऊन थेट अकाउंट्सलाच गाठा.