बुळकांडी आणि सेरेंगेटीचे रान

‘सफर’ हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. तो मूळचा अरबी. अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही उतरला आणि तिथल्या स्वाहिली भाषेत ‘सफारी’ झाला. एके काळी सफारी म्हणजे हस्तिदंताच्या आणि गुलामांच्या व्यापारासाठी पायी चालणारा तांडा. पुढे गोऱ्या शिकाऱ्यांच्या स्वारीला सफारी म्हणू लागले. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली अशाच एका स्वारीवर गेले होते. आणि आज सफारी म्हणजे उघड्या टपाच्या मोटारीतून सिंह, हत्ती, जिराफ पाहत हिंडणे.

ही मोटार पुष्कळदा टांझानियाच्या उत्तरेकडील सेरेंगेटीच्या माळावर जाते. मासाई हे तिथले गुराखी लोक. त्यांच्या भाषेवरून आलेल्या या नावाचा अर्थ ‘अंत नसलेला माळ’. तिथे वाइल्डबीस्ट नावाचा एक प्राणी आहे. आपल्या काळविटाच्या दूरच्या गोतातला, पण अंगाने मोठा आणि तोंडाने बैलासारखा. असे दहा लाखांहून अधिक प्राणी पावसाच्या मागे मागे, गवत शोधत, वर्षभर फिरत असतात. फेब्रुवारीच्या सुमारास दक्षिणेच्या माळावर माद्या वितात. मग कळप पश्चिमेला आणि उत्तरेला निघतात, मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडून केनियात शिरतात आणि पाऊस आला की परत फिरतात.

हे पाहणाऱ्याला वाटते, सृष्टी निर्माण झाली तेव्हापासून हे असेच चालले असणार. इतिहास मात्र निराळे सांगतो. या रानाची गोष्ट समजून घ्यायची तर आपल्याला गुरांच्या गोठ्यात जावे लागते.

बुळकांडी हे नाव जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. जनावराला ताप भरायचा, तोंडात फोड यायचे, नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचे, हगवण लागायची, आणि आठ-दहा दिवसांत दावण रिकामी व्हायची. १८८७ च्या सुमारास इटलीच्या फौजेसाठी तांबड्या समुद्राकाठच्या मसावा बंदरात गुरे उतरवली गेली. ती हिंदुस्थानातून आणलेली होती, असे बरेच इतिहासकार मानतात. त्या गुरांबरोबर बुळकांडी आफ्रिकेत शिरली. इथिओपियात नांगराला बैल उरला नाही आणि मोठा दुष्काळ पडला. १८९१ पर्यंत साथ मासाईंच्या मुलखात पोचली, आणि १८९७ पर्यंत पार दक्षिण टोकाला जाऊन भिडली. ठिकठिकाणी शंभरातली नव्वद गुरे मेली. रानातल्या म्हशी आणि वाइल्डबीस्टही मेले, कारण खूर दुभंगलेल्या प्राण्यांना हा रोग जडतो.

मासाई माणूस दुधावर जगणारा. गाय गेली म्हणजे त्याचे घरच बसले. ऑस्ट्रियाचा प्रवासी ऑस्कर बाउमान १८९२ साली या भागातून गेला. हाडांचे सापळे झालेल्या बायका आणि मुले आपण पाहिली, असे त्याने लिहून ठेवले आहे. माणसे मेली, पांगली. चरायला कोणी नसल्याने झुडपे माजली. अशा वेळी आधी जर्मन आणि पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज तिथे राज्य करायला आले. त्यांना दिसले ते एक ओसाड रान. ते ओसाड का पडले, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. रान माणसाविना असते, अशीच समजूत रुजली.

शिकाऱ्यांनी सिंहांची फार हत्या केली, म्हणून १९२० नंतरच्या काळात शिकारीवर बंधने आली. १९५१ साली राष्ट्रीय उद्यान झाले. आणि १९५९ साली मासाईंना सेरेंगेटी सोडावे लागले. त्यांना शेजारच्या गोरोंगोरो भागात जागा देण्यात आली. ज्यांच्या भाषेने माळाला नाव दिले, ते माळाबाहेर गेले.

आता गोष्टीतला दुसरा भाग ऐका. बुळकांडीवर उपाय शोधण्यात आपल्या देशाचाही वाटा आहे. १९२० नंतरच्या दशकात कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वरच्या संस्थेत जे. टी. एडवर्ड्स यांनी बकरीच्या अंगातून हा विषाणू पुनःपुन्हा नेऊन सौम्य केला आणि लस बनवली. बकरीवरच सौम्य केलेली लस केनियातही तयार झाली. पुढे वॉल्टर प्लोराइट यांनी केनियात अधिक निर्धोक लस सिद्ध केली. १९५० नंतर सेरेंगेटीच्या भोवतालच्या गावांतील गुरांना लस टोचण्यात आली. टोचले गुरांना, आणि १९६३ पर्यंत रोग नाहीसा झाला रानातल्या वाइल्डबीस्टमधूनही! १९६१ साली ते सुमारे अडीच लाख होते. १९७७ पर्यंत तेरा लाखांच्या घरात गेले. त्यांनी गवत खाल्ले, म्हणून वणवे कमी झाले. वणवे कमी झाले, म्हणून झाडे वाढली. आज प्रवासी ज्या कळपांचे फोटो काढतो, त्यांच्यामागे गोठ्यातली ती सुई आहे.

भारत २००६ साली बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली सगळे जगच मुक्त झाल्याचे जाहीर झाले. माणसाने समूळ नाहीसा केलेला देवीनंतरचा हा दुसराच रोग. गावोगाव पायपीट करून लस टोचणाऱ्यांचे हे श्रेय आहे.

मासाईंचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. २०२२ पासून गोरोंगोरोतील कुटुंबांना दूरच्या म्सोमेरा गावी नेण्यात येऊ लागले. लोक आपखुशीने जातात, असे सरकारचे म्हणणे; आम्हाला रेटले जात आहे, असे अनेक मासाईंचे म्हणणे. रान राखले पाहिजे, यात शंका नाही. पण ज्यांची गुरे तिथे पिढ्यान्‌पिढ्या चरली, त्यांना विचारल्यावाचून ते राखायचे का?

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात आफ्रिकेचा नकाशा लावला, तर सिंहाच्या चित्राशेजारी एक गायही काढावी आणि तिची ही हकीकत मुलांना सांगावी. रान, गोठा आणि माणूस यांचा इतिहास एकाच दाव्याला बांधलेला आहे, हे मुलांना मग सहज उमजेल.