आरंभीच अडणारे यंत्र

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. झोतभट्टी एकदा पेटली म्हणजे ती वर्षानुवर्षे विझू द्यावयाची नसते. पेटविण्याचे काम मात्र मोठ्या जोखमीचे. आतील विटांचे अस्तर आधी हळूहळू वाळवावे लागते, मग लाकूड व कोक रचून उष्ण हवेचा झोत बेताबेताने वाढवावा लागतो. घाई केली तर अस्तराला तडे जातात. म्हणून या गावात राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट चटकन पटते: यंत्र चालविणे निराळे आणि यंत्र सुरू करणे निराळे.

श्रोतेहो, मला जे सांगावयाचे आहे ते भट्टीविषयी नव्हे, संगणकाविषयी. २०१० च्या जानेवारीत मी भिलाईच्या एका कार्यालयात नुकताच रुजू झालो होतो. तेथे सहा-सात वर्षांचा जुना असा एक संगणक होता. रोज सकाळी कळ दाबली की पंखा फिरू लागे, पडद्यावर चार अक्षरे उमटत आणि पडदा काळा होई. पुन्हा आरंभ, पुन्हा अंधार. चौथ्या-पाचव्या खेपेस स्वारी उठून बसे आणि मग संध्याकाळपर्यंत निमूटपणे काम करी. त्याच्या पोटात निवृत्तिवेतनाच्या प्रकरणांची नोंदवही होती आणि गेल्या तीन आठवड्यांत तिची दुसरी प्रत कोणी काढलेली नव्हती. बाहेरच्या बाकावर म्हातारी माणसे कागद घेऊन बसलेली असत. आमचे बडे बाबू म्हणाले, “साहेब, याला थंडी वाजते.” सगळे हसले, मीही हसलो. भिलाईची थंडी ती काय! पण पुढे या विषयाचा इतिहास वाचला तेव्हा त्या हसण्याची मला लाज वाटली.

अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १९४५ साली पूर्ण झालेल्या एनिअ‍ॅक या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. त्यांतील एक जरी गेली तरी गणित चुके. लवकरच असे ध्यानात आले, की नळ्या बहुधा काम चालू असताना जात नाहीत. यंत्र सुरू करताना तापताना आणि बंद केल्यावर निवताना जातात. घरचा विजेचा दिवा पुष्कळदा कळ दाबण्याच्या क्षणीच जातो, त्यातलाच हा प्रकार. थंड तारेतून पहिल्या क्षणी वाजवीपेक्षा अधिक प्रवाह धावतो. यावर उपाय निघाला तो भिलाईच्या भट्टीवाल्यांना शोभेलसा: यंत्र बंदच करावयाचे नाही. पुढे अ‍ॅबर्डीन येथे नेल्यावर ते जुलै १९४७ पासून ऑक्टोबर १९५५ पर्यंत जवळजवळ अखंड चालू ठेवण्यात आले. त्यावर काम करणाऱ्या सहा स्त्रिया होत्या. गणिताच्या मांडणीवरूनच हजारो नळ्यांमधील नेमकी बिघडलेली नळी त्या शोधून काढीत. ज्यांनी यंत्र बांधले त्यांची नावे तेव्हाच गाजली. या स्त्रियांची नावे लोकांना कळावयास चार दशके लागली, हे येथे नोंदविल्यावाचून राहवत नाही.

नळ्या शाबूत राहिल्या तरी दुसरी अडचण उरतेच. संगणकाला आज्ञा दिल्यावाचून तो काही करीत नाही. आणि आज्ञा वाचून घेणे हेही एक कामच असल्यामुळे त्यासाठीही आधी आज्ञा हवी. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, अशातली ही गत. केंब्रिज येथील एडसॅक या संगणकासाठी १९४९ मध्ये डेव्हिड व्हीलर या तरुणाने याचा निकाल लावला. त्याने केवळ ३१ आरंभीच्या आज्ञा रचल्या. टेलिफोनच्या केंद्रात आकडे जुळविण्यासाठी वापरतात तसल्या फिरत्या स्विचांवर त्या कायमच्या जोडून ठेवल्या होत्या. कळ दाबली की त्या यंत्राच्या स्मृतीत उतरत आणि पुढची पट्टी वाचू लागत. आपल्याच बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःला जमिनीवरून उचलावे, असा हा चमत्कार. इंग्रजीत या क्रियेला ‘बूट’ हे नाव पडले ते त्या बुटावरूनच. आमच्या कार्यालयातही “मशीन बूट होत नाही” असे म्हणत. त्यातला बूट पायातला आहे, हे कोणाच्या गावीही नव्हते.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली असाच एक संगणक १९६० साली उभा राहिला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० नळ्या होत्या, आणि तो बांधणाऱ्या मंडळींपैकी बहुतेकांनी त्यापूर्वी संगणक हाताळलेलाही नव्हता. अशा यंत्राचा दोष शोधावयाचा तर विचारावयास दुसरे कोणी नाही; यंत्रालाच विचारावे लागे.

यंत्राला विचारावयाचे म्हणजे काय? माझ्या मते साऱ्या इतिहासाचे मर्म येथे आहे. चालू यंत्र बिघडले तर सांगावयास पडदा असतो, नोंदी असतात. आरंभीच्या क्षणी यांपैकी काहीच जागे झालेले नसते. गुन्हा घडतो, पण साक्षीदार अजून यावयाचे असतात! तेव्हा आरंभाच्या वाटेवर ठिकठिकाणी साक्षीदार बसवीत जाणे, हाच यावरील उपाय ठरत गेला. ऑगस्ट १९८१ मध्ये आय.बी.एम. कंपनीने आपला घरगुती संगणक बाजारात आणला, त्यात हे तंत्र सर्वसामान्यांच्या हाती आले. कळ दाबताच कायमच्या स्मृतीत कोरलेल्या आज्ञा प्रथम स्वतःचीच तपासणी करीत. पडदा जागा होण्यापूर्वी दोष आढळला तर सांगणार कसे? म्हणून आवाजाची योजना केली. एक लहान ‘बीप’ म्हणजे सर्व ठीक. निराळ्या आवाजाचा अर्थ निराळा. पडदा लागल्यावर आकडे येत. ३०१ म्हणजे कळफलकात दोष. नंतरच्या काही यंत्रांवर कळफलक सापडत नसल्याची सूचना येई आणि पुढे जाण्यासाठी अमुक एक कळ दाबावी, असा सल्लाही लगेच मिळे. सरकारी पत्रव्यवहार केलेल्या माणसाला याचे नवल वाटावयाचे कारण नाही.

तपासणी आटोपली की यंत्र तबकडीचा पहिला तुकडा, म्हणजे ५१२ अक्षरांची जागा, वाचीत असे. तेथून मुख्य प्रणाली उठे, ती निरनिराळ्या भागांचे कारभारी कामाला लावी, आणि शेवटी तुमचे नाव विचारी. म्हणून जाणता कारागीर “काय बिघडले?” असे आधी विचारीत नाही, “कुठवर आले होते?” असे विचारतो. पडदाच लागला नाही तर संशय वीजपुरवठ्यावर किंवा स्मृतीच्या पट्ट्यांवर. तपासणी पुरी होऊन प्रणाली सापडत नाही म्हटले तर तबकडीवर. प्रणालीची खूण दिसून मग यंत्र कोसळले तर नव्याने बसविलेल्या एखाद्या कारभाऱ्यावर. मग अत्यावश्यक तेवढे ठेवून बाकी सर्व सोडवावयाचे आणि एकेक पुन्हा जोडीत जावयाचे. एका वेळी दोन गोष्टी बदलू नयेत, एवढेच पथ्य; आणि ते पाळणारी माणसे थोडी.

साक्षीदारालाच फितविले तर? २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने तेही केले. ज्या यंत्रांत तो शिरला होता त्यांच्या तबकडीवरची माहिती त्याने नासवली आणि ज्यांची रचना त्याला सापडली त्यांच्या आरंभीच्या आज्ञाच पुसून टाकल्या. अशा यंत्राला ‘बीप’ करण्याचीही शुद्ध उरली नाही.

याहून मोठा प्रसंग आला तो मात्र कोणाच्या दुष्टपणातून नव्हे. १९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या संरक्षक प्रोग्रॅमसाठी एक छोटी फाइल जगभर पाठविली. त्या प्रोग्रॅमच्या तक्त्यात २१ रकाने धरलेले होते. माहिती मात्र २० रकान्यांचीच पुरविली जात होती. एकविसावा रकाना पाहण्याची वेळ तोवर आली नव्हती. त्या सकाळी आली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख यंत्रे कोसळली. संरक्षकाने सर्वांच्या आधी जागे व्हावे म्हणून त्याला आरंभीच्या वाटेवरच बसविलेले होते. त्यामुळे यंत्र उठताच पडे आणि पडताच पुन्हा उठू पाही. चूक ७८ मिनिटांत मागे घेतली गेली. पण दुरुस्त फाइल दुरून पोचेपर्यंत यंत्र जागे राहील तर ना! अखेर असंख्य यंत्रांपुढे माणसाने स्वतः जाऊन बसावे, मोजक्या भागांनिशी ते सुरू करावे आणि ती एक फाइल हाताने काढावी, हाच मार्ग उरला. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांच्या हातात हाताने लिहिलेले प्रवेशपत्र पडले.

आता पुन्हा आमच्या त्या जुन्या यंत्राकडे येऊ. बडे बाबूंनी एक वही घातली होती. कोणत्या दिवशी किती वाजता कळ दाबली, किती खेपांनंतर यंत्र उठले, इतकेच तीत होते. थंडी अधिक त्या दिवशी खेपा अधिक. दुपारी जेवणानंतर सुरू केले तर पहिल्याच खेपेस यश. कारागिराने वही पाहिली, झाकण काढले आणि बोट दाखविले. मुख्य फळीवरील चार-पाच कपॅसिटरांची डोकी फुगलेली होती. १९९९ ते २००७ च्या सुमारास निघालेल्या अशा असंख्य भागांतील द्रव निकृष्ट होता, आणि त्यापायी जगभर यंत्रे निकामी झाली. असा खराब झालेला भाग थंडीत आणखी दुबळा होतो. चार खेपांत थोडी ऊब आली की तग धरतो. यंत्राला खरोखरच थंडी वाजत होती.

नवी फळी मिळावयास आठ दिवस लागणार होते. त्या संध्याकाळी पाच वाजता शिपाई नेहमीप्रमाणे मुख्य कळ बंद करावयास आला, तेव्हा बडे बाबूंनी त्याला दारातच अडविले. यंत्र चालूच ठेवून ते प्रती काढीत बसले. रात्री साडेनऊला शेवटचे प्रकरण उतरवून झाले, तेव्हा ते उठले, हात झटकले आणि स्वतः जाऊन कळ बंद केली.