पॉटकेट सूतगिरणीचे लोहकाम व कारागीर

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील पॉटकेट येथे १७९० मध्ये सुरू झालेली सूतगिरणी ही पाण्याच्या शक्तीवर कापूस कातणारी त्या देशातील पहिली यशस्वी गिरणी मानली जाते. तिच्या उभारणीचे श्रेय बहुधा सॅम्युएल स्लेटर याच्या स्मरणशक्तीला दिले जाते. परंतु यंत्र आठवणे आणि ते लोखंडात उतरविणे ही दोन निराळी कामे होती व दुसरे काम स्थानिक लोहारांनी केले.

इंग्लंडमधील बेल्पर येथे जेडेडाया स्ट्रट याच्याकडे उमेदवारी केलेला स्लेटर १७८९ मध्ये अमेरिकेला निघाला, तेव्हा सूतयंत्रे व त्यांचे जाणकार कारागीर परदेशी जाऊ देण्यास ब्रिटिश कायद्याची मनाई असल्याने त्याला बरोबर कोणतेही यंत्र आणता आले नाही. मोझेस ब्राउन या क्वेकर पंथीय व्यापाऱ्याने सूतगिरणीसाठी आधी जमवून ठेवलेली यंत्रेही स्लेटरने निकामी ठरविली, म्हणून यंत्रे आठवणीतूनच नव्याने बनवावी लागली.

नव्या यंत्रांचे लोहकाम ओझिएल विल्किन्सन या, जहाजांचे नांगर घडविणाऱ्या, क्वेकर लोहाराच्या कुटुंबाकडे आले. कातण्याच्या यंत्रात रुळांच्या जोड्या क्रमाने अधिक वेगाने फिरून पेळू ताणतात व चाती, म्हणजे सुताला पीळ देणारा उभा दांडा, सूत गुंडाळते. रूळ किंचित जरी वाकडा असला तरी सूत तुटते. नांगर घडविणाऱ्या हातांना ही बारकाई नवी होती. ओझिएलचा मुलगा डेव्हिड तेव्हा १९ वर्षांचा होता. त्याने घडीव भाग तयार केले, आणि रूळ व चात्या यांचे काही कातकाम हातहत्यारांनी, हाताने फिरविलेल्या चाकाच्या बळावर केले. बिडाचे ओतीव भाग मात्र मॅसॅच्युसेट्समधील मॅन्सफील्ड येथून आणावे लागले. लाकूडकाम सिल्व्हेनस ब्राउन याने केले, तर पिंजणयंत्राला लागणारे, चामड्यात तारेचे दात बसविलेले पट्टे प्लायनी अर्ल याने पुरविले. हे दात नीट कललेले नसल्याने सुरुवातीला कापूस रुळांवरच गुंडाळला जाई, असे सांगतात.

२० डिसेंबर १७९० रोजी, कापडाला घट्टपणा आणणाऱ्या एका जुन्या कारखान्याच्या जागेत, ७२ चात्यांवर कताई सुरू झाली. इतक्या कसबाने बनलेली ही यंत्रे चालवायला मात्र मुख्यतः ७ ते १२ वर्षांची मुले ठेवली गेली. स्लेटर विल्किन्सनांच्या घरीच उतरला होता. १७९१ मध्ये ओझिएलची मुलगी हॅना हिच्याशी त्याचा विवाह झाल्यावर गिरणी आणि लोहारशाळा यांचा व्यवहार सोयरिकीचाही झाला. गिरणीची स्वतंत्र इमारत १७९३ मध्ये उभी राहिली.

डेव्हिडने पुढे मळसूत्रे कापणाऱ्या लेथचे पेटंट १७९८ मध्ये घेतले. पेटंटाची मुदत संपल्यावर हा लेथ सरकारी शस्त्रागारांतही सर्रास वापरला गेला, परंतु त्यापासून डेव्हिडला फारसे उत्पन्न मिळाले नाही, म्हणून १८४८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याला १०,००० डॉलर मंजूर केले.